एकट्याची सीट

दिगू गेल्याची बातमी मला रफिकभाईंनी सांगितली. रफिकभाई म्हणजे आमच्या रत्नागिरीतल्या उद्यमनगरात रिक्षांची हुडं आणि मोटारसायकलींच्या सीटा शिवून देणारे कारागीर. सकाळी साडेआठला त्यांचा फोन आला. आधी त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग म्हणाले, "सर, तुम्हाला कळलंच असेल..." मला काहीच कळलेलं नव्हतं. ज्या माणसाच्या मागे बसून मी अठ्ठावीस वर्षं शाळेत गेलो, तो पहाटे कोल्हापूरच्या दवाखान्यात वारला होता आणि गाडी त्याला घेऊन आंबा घाट उतरत होती. त्याच्या बायकोने, सुलभावहिनींनी, नातेवाइकांना कळवलं होतं, बर्फाच्या कारखान्यातल्या लोकांना कळवलं होतं, रफिकभाईंनाही कुणाकडून तरी निरोप पोचला होता. मला कळवलं नव्हतं. रफिकभाईंना ते लक्षात आलं असावं, कारण फोन ठेवता ठेवता ते एवढंच म्हणाले, "तुम्ही या मात्र सर. न येऊन कसं चालेल..." मी गेलो. माणसांच्या मागे, त्याच्या अंगणाच्या दगडी गडग्याला टेकून उभा राहिलो. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

दिगू, म्हणजे दिगंबर, आणि मी एका वर्गात होतो. मी शिकून शास्त्राचा मास्तर झालो, तो आयटीआय करून मिरकरवाड्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. मासळीच्या बोटींना बर्फ पुरवणारा कारखाना. कॉम्प्रेसरच्या आवाजात दिवस काढल्यामुळे तो बोलायचा मोठ्याने आणि कमी. त्याचं घर कुवारबावला, माझं मारुती मंदिराजवळ, शाळा खाली बाजारपेठेकडे आणि कारखाना त्याच्याही पुढे बंदरावर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याने मोटारसायकल घेतली आणि एके सकाळी मला चालताना पाहून थांबवली. "बस मागे," म्हणाला. मग मी रिटायर होईपर्यंत बसतच राहिलो. मला स्वतःला गाडी कधी चालवता आली नाही. एकदा त्याने सड्याच्या मोकळ्या माळावर नेऊन शिकवायचा प्रयत्न केला, पण मी क्लच असा काही सोडला की गाडी करवंदीच्या जाळीत आणि मी कातळावर. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. मागे बसणाऱ्यालाही एक विद्या लागते, असं तो म्हणायचा. वळणावर गाडीबरोबर कलायचं, ब्रेक लागताना अंगावर यायचं नाही, आणि बोलायचं ते त्याच्या डाव्या कानाशी, कारण उजवा कान कॉम्प्रेसरने खाल्ला होता. ही विद्या मला बरी जमली होती. आमचं बहुतेक बोलणं गाडीवरच झालं. समोरासमोर बसलो की आम्हाला फारसं काही सुचायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची पाठ दुखायला लागली. फिटरची पाठ दुखणारच, म्हणून त्याने सहा महिने तेल चोळण्यात घालवले. नंतर बरगडी दुखायला लागली, अशक्तपणा आला, आणि मुलीच्या हट्टामुळे तो कोल्हापूरला जाऊन तपासून आला, सोबत मी होतो. हाडांच्या आत, मज्जेत, कर्करोग होता. हाडं आतून पोखरली गेली होती, पाठीचे मणके सगळ्यात जास्त. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. औषधांनी काही काळ आवरून धरता येईल, म्हणाले. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही आणि दुचाकी पूर्ण बंद. दिगूने सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मास्तर, वाळवी लागलेला वासा बघितला हायस ना? बाहेरनं रंग तसाच असतो." त्यानंतर आजाराचं नाव त्याने माझ्यासमोर कधी घेतलं नाही.

चार महिने गाडी पडवीत उभी होती. तो रोज सकाळी खुर्ची टाकून तिच्याजवळ बसायचा. वहिनींनी तिच्यावर जुनी चादर टाकली, तर ती त्याने काढून ठेवली. मी संध्याकाळी जायचो तेव्हा तो तिच्याकडेच बघत असायचा, आणि मी काही तरी बोलून वेळ काढायचो. अशाच एका संध्याकाळी तो म्हणाला की डॉक्टरांचं मुख्य म्हणणं हिसका बसू नये असं आहे. म्हणजे अडचण हिसक्याची आहे, गाडीची नाही. हिसका काढून टाकला तर? पूर्वीच्या मोटारसायकलींना मागच्या चाकाला स्प्रिंग नसायची, चाक सरळ सांगाड्यालाच बसवलेलं असायचं. मग माणसाच्या हाडांचं पीठ होऊ नये म्हणून सीटलाच खालून दोन स्प्रिंगा द्यायचे, सायकलच्या सीटला असतात तशा, पण दणकट. नंतर चाकालाच शॉकअप आले आणि स्प्रिंगची सीट गेली. दिगूच्या गाडीला मागे दोन शॉकअप होतेच. त्याच्या मनात होतं की लांब सीट काढायची आणि तिच्या जागी स्प्रिंगची, एकट्यापुरती सीट बसवायची. खड्ड्याचा अर्धा धक्का शॉकअप घेईल, उरलेला सीट घेईल, पाठीपर्यंत काही पोचणार नाही.

मी शास्त्राचा मास्तर. तीस वर्षं मुलांना स्प्रिंग शिकवली. मला तेव्हाच सांगता आलं असतं की रस्त्यावरचा धक्का असा हप्त्याहप्त्याने संपत नाही, आणि पोखरलेल्या मणक्याला फार मोठा धक्का लागतही नाही. पण कित्येक महिन्यांनी त्याच्या आवाजात जोर आला होता. त्याने कागद मागितला, पेन्सिल मागितली. मी दिली. लांब सीट गेली की माझी जागाही जाणार, हे मला घरी परत येताना पाखाडीच्या पायऱ्यांवर सुचलं, आणि सुचल्यावर मी हसलो होतो, हेही आठवतं.

वहिनींना याचा वास लागला होता. एक दिवस मी निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. एरवी त्या कधी असं येत नसत. म्हणाल्या, "भावजी, ते तुमचं ऐकतात. तुम्ही तरी त्यांना सांगा." मी होय म्हटलं. सांगतो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात दिगूला शेजारी बसवून रफिकभाईंच्या दुकानात घेऊन गेलो. ही गोष्ट मी लिहिताना पुसून पुन्हा लिहितो आहे, पण ती तशीच आहे.

रफिकभाईंनी तो कागद बराच वेळ बघितला. त्यांना आजाराचं माहीत होतं. त्यांनी "कशाला" असं विचारलं नाही, "कुठे बसवणार" असं विचारलं. दिगूची एकच अट होती. फ्रेमला वेल्डिंग लावायचं नाही, भोक पाडायचं नाही, जे काही असेल ते पट्ट्या आवळून बसवायचं. उद्या पुन्हा लांब सीट लावायची झाली तर गाडी होती तशी व्हायला हवी. गाडी दुकानात आणवली आणि त्याप्रमाणे पुढच्या बाजूला टाकीच्या मागे एक बिजागरी आवळली, मागे फ्रेमच्या दोन्ही नळ्यांवर आडवी पट्टी आवळली, आणि पट्टीवर दोन स्प्रिंगा उभ्या केल्या. स्प्रिंगा दिगूने भंगारातून निवडल्या. एका जुन्या स्कूटरच्या सीटच्या होत्या. रफिकभाईंनी पत्र्याच्या बैठकीवर आधी काथ्या, त्यावर फोम, त्यावर काळं जाड रेक्झिन ताणून अशी सीट शिवली की हात फिरवत राहावं. कडेच्या टाक्यांची ओळ सुपारीच्या आगरासारखी सरळ होती.

पहिल्यांदा रफिकभाईच गाडी घेऊन उद्यमनगरात एक चक्कर मारून आले आणि उतरताना हसत होते. होडीत बसल्यासारखं वाटतंय, म्हणाले. उंचवट्यावरून गेलं की शॉकअप खाली बसतो आणि वर येतो, तेवढ्यात सीटची स्प्रिंग खाली बसते, तो वर येतो तेव्हा हीही वर येते, आणि माणूस दोन्हींच्या मध्ये चेंडूसारखा. दिगूने कारण लगेच सांगितलं. शॉकअपच्या आत तेल असतं, ते उसळी गिळून टाकतं. सीटच्या स्प्रिंगेत तेल नाही, त्यामुळे तिला थांबायचं माहीतच नसतं. मी हे फळ्यावर समीकरणं मांडून शिकवत होतो, पण इतकं सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं. मग त्याने बोटीच्या इंजिनातल्या वॉल्व्हच्या स्प्रिंगा आणवल्या. त्या इतक्या कडक की सीट दगडाची झाली. शेवटी पुन्हा त्याच स्कूटरच्या स्प्रिंगा घेतल्या आणि त्यांच्या पोटात रबरी नळीचे तुकडे घट्ट बसवले. रबराने उसळी धरून ठेवली. शॉकअपची कडी सगळ्यात मऊ खाचेवर आणली. आता सीटवर वजन पडलं की ती एकदा खाली जायची, एकदा वर यायची आणि गप्प व्हायची. दिगू तिथे लाकडी स्टुलावर कमरेला पट्टा बांधून ताठ बसलेला असायचा, वाकायचं नव्हतं म्हणून बोटाने दाखवायचा आणि मी स्पॅनर फिरवायचो. मला गाडीची कामं येत नाहीत. माझ्या हातातून नट पडला की तो "वायच सांभाळून मास्तर" म्हणायचा. त्या पाच-सहा आठवड्यांत आम्ही जेवढे सुखात होतो तेवढे आधी कधी होतो का, मला सांगता येणार नाही.

पण त्याचं वजन कमी होत होतं. स्प्रिंग ही वजनाप्रमाणे जमवावी लागते. पंचावन्न किलोच्या माणसाला बरोबर होणारी सीट पन्नास किलोच्या माणसाला कडक लागते, धक्का गिळत नाही, वर देते. रफिकभाईंच्या शेजारी भंगारवाला होता, त्याच्याकडे मोठा काटा होता. पहिल्या दिवशी दिगू गंमत म्हणून त्या काट्यावर उभा राहिला तेव्हा अठ्ठावन्न भरला होता. स्प्रिंगेत रबर बसवलं तेव्हा चोपन्न. ते बरोबर बसलं म्हणून आम्ही चहा प्यायलो, आणि मध्ये औषधाची एक फेरी झाल्यावर तो परत आला तो एक्कावन्नवर. त्याने सीटवर बसून पाहिलं. सीट हललीच नाही. त्याने रफिकभाईंना रबराचा एकेक तुकडा कमी करायला सांगितलं. दहा-बारा दिवसांनी आणखी एकेक. चौथ्यांदा रबर काढताना रफिकभाई माझ्याकडे बघून नुसते उभे राहिले. त्यांनी मान खाली घातली आणि तुकडा काढला. आम्ही तिघेही स्प्रिंगेच्या मागे धावत होतो आणि स्प्रिंग तिथेच होती. दिगूच खाली खाली चालला होता. काट्यावरून उतरताना एकदा तो म्हणाला, "मास्तर, शेवटी बिनस्प्रिंगेचंच चालेल बघ."  भंगारवाल्याने काट्यावरचा पायाचा ठसा पुसला.

गाडी नव्या सीटसकट घरी आली त्या दिवशी वहिनींनी लांब सीट उचलून माळ्यावर ठेवली आणि मला पाणीसुद्धा विचारलं नाही. दिगूने त्यांना सांगितलं की गाडी चालवायची नाही, नुसती तयार करून ठेवली आहे. मी तिथे उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली.

तुळशीचं लग्न झाल्यावर वहिनींच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, खेडला. माहेरचं कार्य, त्यांना जाणं भाग होतं. दिगूला एवढा प्रवास झेपला नसता. मुलगी बाळंतीण होती, तिला येता येत नव्हतं. तेव्हा राग बाजूला ठेवून त्यांनी मलाच बोलावलं. म्हणाल्या, एका रात्रीचा प्रश्न आहे, तुम्ही इथे राहा, गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहिल्या आहेत, आंघोळीला पाणी मात्र तुम्ही काढून द्या, त्यांना बादली उचलू देऊ नका. मी सगळं ऐकलं. बादली मी उचलली. गोळ्या वेळेवर दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चहा झाल्यावर दिगू म्हणाला, "मी जाऊन येतो." कुठे ते मी विचारलं नाही. मी गाडी ढकलत पडवीतून घरापुढच्या खळ्यात आणली. किक त्याला मारता येणार नव्हती. बटन होतं, ते त्याने दाबलं. कमरेचा पट्टा मी आवळून दिला. तो सीटवर बसला तेव्हा ती एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि थांबली. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू ते माझंच काम होतं.

फाटकातून तो उजवीकडे, शहराच्या बाजूला वळला. एवढंच मला माहीत आहे. गडग्यापाशी उभा राहून मी आवाज ऐकत होतो. महामार्गाच्या कामाची धूळ, ट्रकांचे आवाज, त्यात त्याच्या गाडीचा आवाज थोडा वेळ वेगळा ऐकू आला, मग मिसळून गेला. मी पायरीवर बसलो. उठून गोळ्यांचा कागद वाचला. पुन्हा येऊन बसलो. तो पडला असेल, कुठल्या तरी वळणावर लोक जमले असतील, वहिनींना काय सांगायचं, हे सगळं मी मनात इतक्या वेळा पाहिलं की तो खरोखर फाटकातून आत आला तेव्हा मला आधी खरं वाटेना. पन्नास मिनिटं झाली होती. त्याने गाडी स्टँडवर घ्यायला मला खूण केली आणि स्वतःच्या पायांनी उतरला. चेहरा घामाने भिजला होता. कळ येत होती की आनंद झाला होता, मला ओळखता आलं नाही, आणि दोन्ही असेल तर कुठलं किती तेही नाही. खुर्चीत बसवल्यावर बराच वेळ डोळे मिटून होता. मग म्हणाला, "बेस झाली सीट." थोड्या वेळाने म्हणाला, "वळणावर गाडी लवकर आडवी होते. मागे वजन नाय ना." आणि शेवटी, डोळे न उघडता, "दोनदा मागे वळून तुला काय तरी सांगितलं मास्तर. मग ध्यानात आलं, तू नायस."

त्याने काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. त्याला झोप येत होती. विचारू उद्या, असं वाटलं.

संध्याकाळी वहिनी परत आल्या. लपवायचं दिगूच्या स्वभावात नव्हतं. लग्नाचे लाडू खाता खाता त्याने आपणहून सांगून टाकलं की आज गाडी फिरवली, काही झालं नाही. वहिनींनी पिशवीतलं सामान काढणं थांबवलं नाही. साडीची घडी, नारळ, आहेराचं पातेलं... एकेक वस्तू काढून ओळीने ठेवत राहिल्या. मी चप्पल घालून निघालो तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे "या" म्हटलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी पलंगावरून उठून बसताना दिगूच्या पाठीत काही तरी तुटलं. आवाज आला, असं तो म्हणत होता. दुपारपर्यंत पायांत मुंग्या आणि संध्याकाळी पाय हलेनात. कोल्हापूरला नेलं. मणका खचला होता, मज्जारज्जू दाबला गेला होता, आणि त्याच्या रक्ताची अवस्था ऑपरेशन सोसण्यासारखी नव्हती. मी तिसऱ्या दिवशी एसटीने गेलो. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांना गाठून विचारलं की आठवड्यापूर्वी त्याने मोटारसायकल चालवली होती, त्यामुळे झालं का. ते म्हणाले, सांगता येणार नाही. अशा हाडांना शिंकसुद्धा पुरते. त्यामुळे झालं असेल किंवा नसेलही. मी हे उत्तर तेव्हापासून रोज उलटसुलट करून बघतो. त्यातून काहीच निघत नाही. डॉक्टरांनी होय म्हटलं असतं तर निदान एका जागी उभं तरी राहता आलं असतं.

व्हरांड्यात बाकावर वहिनी बसल्या होत्या. डॉक्टरांशी झालेलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्या शेजारी जरा अंतर ठेवून बसलो. त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "त्यांना कळत नव्हतं, भावजी. आजारी माणसाला नाही कळत. तुम्हाला कळत होतं." त्यांनी आवाज चढवला नाही.  

दिगूला मी त्याच दुपारी शेवटचं पाहिलं. कमरेखालचा भाग चादरीखाली इतका सपाट होता की तिथे कुणी आहे असं वाटत नव्हतं. मला बघून त्याने डावा कान पुढे केला, सवयीने. पण तोच बोलला. "सुलभाला सांग, तू नको म्हणत होतास. मी ऐकलं नाय." मी म्हटलं, मी कुठे नको म्हणत होतो? "तू सांग तसं," तो म्हणाला. "मी पण तसंच सांगितलंय." मरायला टेकलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलून बसला होता, आणि ते खोटं वहिनींनी क्षणभरही खरं मानलं नव्हतं, हे व्हरांड्यातलं त्यांचं बोलणं आठवून मला कळलं. मी त्याचा हात धरला. बोटांवरचे फिटरचे घट्टे मऊ पडले होते. त्यानंतर पाच आठवडे तो होता, आणि मी पुन्हा गेलो नाही. वहिनींना सामोरं जायचं धैर्य नव्हतं असं मी लोकांना सांगतो, मला स्वतःलाही. पण त्यालाही सामोरं जायचं नव्हतंच. त्याचे पाय हलत नाहीत ही गोष्ट मला बघवत नव्हती. मला न बघवण्याची चैन परवडत होती, वहिनींना नव्हती.

मागच्या रविवारी वहिनींचा फोन आला. चाचरत नव्हत्या, सरळ म्हणाल्या, "भावजी, वेळ असेल तर येऊन जा." मी गेलो. घरात कुणी नव्हतं. मुलगी पंधरा दिवस राहून परत गेली होती. वहिनी वाळल्या होत्या. त्यांनी पडवीतच खुर्ची दिली, चहा आणला, स्वतः उंबऱ्यावर बसल्या. इकडचं तिकडचं झालं. त्यांनी मला माफ केलं असावं असं जे मला फोन आल्यापासून वाटत होतं, तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्यांना एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारता येईल असा दुसरा माणूस नव्हता, एवढंच.

"त्या सकाळी ते कुठे गेले होते?"

मी म्हटलं, शहराच्या बाजूला वळला होता.

"तिथून?"

मला माहीत नव्हतं. भाट्याच्या पुलावरून पलीकडे गेला की बंदरावर कारखान्यात जाऊन आला की नुसताच थिबा पॅलेसच्या बाजूला जाऊन खाडीकडे बघत थांबला... पन्नास मिनिटांत तो कुठेही जाऊ शकला असता. मीटरची केबल तुटून कित्येक वर्षं झाली होती. मी त्यांना सांगितलं की तो परत आल्यावर सीट चांगली झाली म्हणाला, वळणावर गाडी लवकर आडवी होते म्हणाला. मागे वळून दोनदा माझ्याशी बोलला, तेही सांगितलं.

"काय बोलले?"

"मी विचारलं नाही, वहिनी."

 मला खोटं सांगता आलं असतं. समुद्र छान दिसत होता म्हणाला, तुमची आठवण काढली, असं काहीही. बत्तीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केलेल्या बाईला ते खोटं तत्काळ कळलं असतं, आणि बहुधा तरीही त्यांनी ते ठेवून घेतलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं नाही. "विचारायचंत," त्या म्हणाल्या. रागाने नाही. पदराने कपबशी धरून त्या आत घेऊन गेल्या.

मी उठून गाडीपाशी गेलो. सीटच्या स्प्रिंगांना खाऱ्या हवेने तांबूस रंग धरायला सुरुवात केली होती, पण रेक्झिनवर धूळ नव्हती. मागची पट्टी, बिजागरी, सगळं स्वच्छ पुसलेलं होतं. वहिनी बाहेर येऊन दाराशी उभ्या राहिल्या. त्यांनीच सांगितलं. दुपारी भांडी आवरून झाली की घर खायला उठतं. तेव्हा त्या इथे येऊन बसतात. खुर्चीत नाही, गाडीवर. पहिल्या दिवशी पुसताना सहज टेकल्या, मग रोजच. कुणी बघत नाही. अर्धा तास, कधी तासभर. "बरं वाटतं असं नाही," म्हणाल्या. "पण बसते."

गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. तो असताना ती नेहमी उलटी घालून, तोंड फाटकाकडे करून ठेवलेली असायची, म्हणजे सकाळी बसलं की निघालं. त्या शेवटच्या दिवशी ती मी आत ढकलली होती. मला वळवता आली नाही म्हणून तशीच, पुढचं चाक भिंतीला लावून उभी केली होती. म्हणजे वहिनी तिच्यावर बसत होत्या तेव्हा समोर हातभर अंतरावर जांभ्याची भिंत असायची आणि दुसरं काही नाही. मी म्हटलं, वहिनी, रफिकभाईंना बोलावतो, दोघे मिळून ती वळवून ठेवतो, फाटकाकडे तोंड करून.

"नको," वहिनी म्हणाल्या. "कुठे जायचंय आता."